मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नका

महोदय,

मोतीबिंदू ‘पिकल्यावरच’ काढायचा, हा समज अजूनही टिकून आहे आणि त्यापायी डोळ्यांचे नुकसान होते. आज फेको पद्धतीत दोन ते तीन मिलिमीटरच्या छेदातून गढूळ भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात आणि त्याच्याच पातळ आवरणात कृत्रिम भिंग बसवतात. वाट पाहत राहिल्यास भिंग कडक होत जाते; ते जितके कडक, तितकी ऊर्जा जास्त लागते आणि कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या थरातील पेशींना इजा होऊ शकते. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फुगलेल्या भिंगामुळे डोळ्यातला दाबही वाढू शकतो. म्हणून वाचन किंवा रात्रीचे वाहन चालवणे अडू लागले की तपासणी करावी. थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही.

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेणाऱ्यांनी, पूर्वी कधी घेतले असले तरी, सर्जनला ते आधी सांगावेच. या औषधामुळे बाहुली नीट विस्फारत नाही. आधी कळले तर तयारी करता येते. मधुमेह असल्यास डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासून घ्यावा, कारण पडदाच खराब असेल तर उत्तम भिंग बसवूनही नजर पूर्ण येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर दोन औषधांच्या थेंबांत पाच मिनिटांचे अंतर हवे. पहिल्या काही दिवसांत वेदना वा लाली वाढली, नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. डोळ्याच्या आतल्या संसर्गात उशीर म्हणजे दृष्टी गमावण्याचा धोका. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसले, तर मोतीबिंदू परतलेला नसतो. बहुतेकदा भिंगामागचे आवरण गढूळलेले असते आणि ते लेझरने काही मिनिटांत मोकळे करता येते.

– नेत्रचिकित्सा क्षेत्रातील काही वाचक