आई, दोष हॉस्टेलचा नाही

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही घेतलेली डॉक्टरांची वेळ मी फोन करून रद्द केली. रागावू नका, आधी पुढचं वाचा. 'मुलगा बरा करून देतो' म्हणणाऱ्याकडे मी जाणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही 2022 मध्ये असले उपचार म्हणजे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलंय.

पण तुम्हाला खातंय ते वेगळंच. आई, तू फोनवर रडत म्हणालीस, "दहावीनंतर तुला हॉस्टेलला धाडायला नको होतं." बाबांना वाटतं, बदल्यांपायी आपण घरी नव्हतो. म्हणून मी मिळेल ते वाचून काढलं. बाप लांब, आई फार मायाळू, म्हणून मुलगा असा होतो, या जुन्या समजुतीला धड पुरावाच नाही. हॉस्टेलला जायच्या कितीतरी आधीपासून मला माझं कळत होतं, आई.

2019 मध्ये पावणेपाच लाख लोकांची जनुकं तपासली, तेव्हा याचं असं एकच जनुक सापडलं नाही. अनेक आहेत, प्रत्येकाचा वाटा अगदी बारीक. एकसारख्या जुळ्यांतही पुष्कळदा एक असा असतो, दुसरा नसतो. तेव्हा कुणाच्या घराण्याकडे बोट दाखवू नका. मोठे भाऊ असलेल्या मुलांत हे प्रमाण थोडं जास्त दिसतं, आणि ते भाऊ एकाच आईच्या पोटचे असतील तरच. त्यामुळे गर्भातच काही घडत असावं असं संशोधक म्हणतात. पण मोठा भाऊ असलेली बहुतेक मुलं बायकोशीच संसार करतात, म्हणून दादाच्याही माथी काही मारू नका. पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. मिळालं, तरी मी हाच असेन.

पाचवीत मी तापाने फणफणलो होतो, तेव्हा तू रात्रभर कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवल्यास. बाबा रात्रीच्या एसटीने उभ्याने आले आणि तसेच मला कुशीत घेऊन बसले. शर्टाला डिझेलचा वास येत होता. मला तुमचं काही कमी पडलं नाही.

एक तारखेपासून मी आणि निखिल कोथरूडला एकत्र राहणार आहोत. भाडेकरार झालाय. पोळ्यांना मावशी मिळाल्यात, लिफ्ट आहे, पाणी दोन्ही वेळा येतं. निखिल मला रात्री उपाशी झोपू देत नाही. तुमच्यासाठी पुढची, उजेडाची खोली ठेवलीय. यायची घाई नाही, मन होईल तेव्हा या.

बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आई, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहा अर्ध्या तासाने. माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढू नकोस, दादाला सांग. नंदामावशीने विचारलं तर तिला माझा नंबर दे, मी बोलेन तिच्याशी. रविवारी सकाळी फोन करतो, दोघांनी एकदमच घ्या.

तुमचा,
बाळू