दोरा आणि सलाईन

लाओसमधून अमेरिकेत गेलेल्या ह्माँग जमातीच्या निर्वासितांचे आत्मा बोलावण्याचे विधी सरसकट अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे पटत नाही. भीतीने आत्मा देहातून भरकटला की माणूस आजारी पडतो, ही त्यांची समजूत. मग दारात उभे राहून आत्म्याला हाका मारायच्या, मनगटाला दोरा बांधायचा. (आपल्याकडे दृष्ट काढतात, ते विसरू नये!) कॅलिफोर्नियात मर्सेडच्या रुग्णालयाने २००९च्या सुमारास त्यांच्या शमनांना, म्हणजे आत्म्यांशी संवाद साधून बरे करणाऱ्या पारंपरिक जाणत्यांना, रुग्णाजवळ हलक्या आवाजात मंत्र म्हणायची रीतसर मुभा दिली. औषधोपचार थांबले नाहीत. शस्त्रक्रियेला बिचकणाऱ्यांना धीर मिळाला. औषध बंद करा म्हणणाऱ्या मांत्रिकाला मात्र माझाही विरोधच.

— एक वाचक, सातारा