उन्हाळी संशोधनाची तयारी दिवाळीपासूनच

संपादक महोदय,

रुग्णही तपासायचे आणि संशोधनही करायचे, अशी इच्छा असलेली मुले आज गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळच्या मेडिकल कॉलेजांतही आहेत. त्यांना सल्ला मिळतो तो उन्हाळ्यात बंगळुरू-मुंबईची एखादी मोठी प्रयोगशाळा गाठण्याचा. जमले तर जरूर जावे. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचे अर्ज दिवाळीच्या सुमारास भरायचे असतात, एवढे ध्यानात ठेवावे. पण आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची अल्पमुदतीची संशोधन योजना 1979 पासून चालू आहे आणि ती आपल्याच कॉलेजात, आपल्याच शिक्षकांच्या हाताखाली करायची असते. मुदत दोन महिने, विद्यावेतन 50 हजार रुपये. ते अहवाल मंजूर झाल्यावर मिळते आणि किट-रसायनांचा खर्चही त्यातच धरलेला असतो. तोवर पैसे कोण घालणार, हे मार्गदर्शक शिक्षकांशी (गाइड) आधीच बोलून घ्यावे.

विषयासाठी लांब जायची गरज नाही. प्रसूतिपूर्व तपासणीला येणाऱ्या महिलांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहक (स्वतः आजारी नसल्या तरी मुलांना तो देऊ शकणाऱ्या) किती, हा प्रश्न दोन महिन्यांत बसतो. प्रमाण 15 टक्के गृहीत धरले आणि उत्तर 5 टक्के इकडे-तिकडे चालेल असे ठरवले, तर 196 नमुने लागतात. आठ आठवड्यांचे कामाचे दिवस 48, म्हणजे रोज चार नमुने. कागदावर हे सोपे दिसते. पहिले दोन आठवडे संमतिपत्रे छापण्यात गेले की रोजचे सहा होतात. त्यात मे महिन्यात पूर्व विदर्भात तेंदूपानांची तोडणी असते, माणसे पहाटेच जंगलात जातात आणि ओपीडी ओस पडते. जूनमध्ये पेरणी. गर्दी मिळते ती महिन्याच्या 9 तारखेला, गरोदर महिलांच्या मोफत तपासणीच्या मातृत्व अभियानाच्या दिवशी. तो दिवस हातचा जाऊ देऊ नये.

सिकलसेल ओळखण्याची सोल्युबिलिटी चाचणी दिसायला सोपी आहे: 2 मि.लि. द्रावणात 20 मायक्रोलिटर रक्त, पाच मिनिटे थांबा, नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहा; द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना पॉझिटिव्ह. चुका होतात त्या इथेच. द्रावणात लागणाऱ्या डायथायोनाइट या रसायनाच्या बरणीत ओल शिरली की त्याची ताकद जाते आणि पॉझिटिव्ह नमुनाही निगेटिव्ह दिसतो. फ्रिजमधून काढलेले द्रावण खोलीच्या तापमानाला आणल्याशिवाय वापरू नये. हिमोग्लोबिन 7 ग्रॅमच्या खाली असेल तर गढूळपणा कमी येतो. गरोदर महिलांत हे नेहमीचेच, अशा वेळी रक्त दुप्पट घ्यावे. नुकतेच रक्त चढवलेल्या रुग्णाचा निकाल धरूच नये. रोजच्या बॅचमध्ये एक माहीत असलेला वाहक आणि एक निरोगी, असे दोन नमुने हवेतच. ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यात फरक सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी यंत्रावरची तपासणी लागते. 196 मध्ये वाहक तीसच्या आसपास निघतील, त्यामुळे सोल्युबिलिटीतून किती सुटतात याचे पक्के प्रमाण एवढ्यावरून सांगता येणार नाही. अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

रक्त-द्रावण मोजून घेण्याची पिपेटही आधी तपासून घ्यावी. 1000 मायक्रोलिटर पाणी 25 अंशांना 0.997 ग्रॅम भरते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात, त्यातून पंखा चालू असेल, तर पाणी तराजूवरच उडते आणि चांगली पिपेटही कमी दाखवते. पंखा बंद करून, भांडे झाकून दहा वेळा वजन घ्यावे. रक्ताच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या नळ्या 45 अंशांच्या उन्हात जीपमध्ये ठेवल्या किंवा थेट बर्फाला टेकवल्या, तर रक्तपेशी फुटतात. नळ्या आणि बर्फाच्या पिशवीमध्ये जाड कापड घालावे.

खरा खोळंबा होतो तो संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या कॉलेजच्या एथिक्स समितीपाशी. तपासणीनंतर उरलेले, नाव-गाव काढून टाकलेले नमुने वापरणार असाल तर पूर्ण बैठकीची वाट न पाहता लवकर मंजुरी मिळू शकते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी सोय आहे. पण मग वाहक निघालेल्या बाईला निकाल कळवता येत नाही. आमच्या मते सिकलसेलच्या बाबतीत हे योग्य नाही. संमती घेऊनच नमुने घ्यावेत. संमतिपत्र मराठीत असावे, माडिया किंवा कोरकू बोलणाऱ्यांना त्यांच्या बोलीत समजावून सांगणारे कुणी सोबत असावे, आणि निकाल बाईला कोण सांगणार, नवऱ्याची तपासणी कुठे होणार हे अर्जातच लिहावे. असा अर्ज तयार व्हायला वेळ लागतो.

म्हणून विदर्भातल्या मेडिकल कॉलेजांना विनंती: विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी एथिक्स समितीची एक बैठक जानेवारीत ठेवावी आणि तिची तारीख दिवाळीआधी सूचनाफलकावर लावावी. एचपीएलसी यंत्रावर आठवड्यातला एक दिवस या मुलांसाठी राखून ठेवावा.

– जीवरसायनशास्त्राचे दोन अध्यापक, वर्धा जिल्हा