डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी काय मागितले होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेची स्थापनाच ‘ख्रिस्ती राष्ट्र’ म्हणून झाली, हा तिथल्या काही पुढाऱ्यांचा दावा आपल्याकडच्या लेखांतही जसाच्या तसा येतो. मी अहिल्यानगरचा, श्रद्धेने ख्रिस्ती. हा दावा न तपासता छापला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते.

१७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेतच सरकारी पदासाठी धर्माची अट घालायला मनाई आहे. १७९६-९७ मध्ये त्रिपोली या उत्तर आफ्रिकेतल्या मुस्लिम राज्याशी झालेल्या तहात तर, अमेरिकेचे सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभारलेले नाही, असे स्वच्छ लिहिले होते. सेनेटने तो तह एकमताने मंजूर केला.

हे सारे नास्तिकांनी घडवले असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. मॅसेच्युसेट्समध्ये प्युरिटनांनी (इंग्लंडमधून आलेल्या कडव्या प्रोटेस्टंटांनी) आपल्या पंथाचे राज्य चालवले. सत्तेने श्रद्धेत ढवळाढवळ करू नये, असे म्हणणाऱ्या रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकाला त्यांनी हद्दपार केले. त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स हे गाव वसवले. १६६० मध्ये बॉस्टनला मेरी डायर या क्वेकर (प्युरिटनांनी बंदी घातलेल्या ख्रिस्ती पंथाच्या) स्त्रीला फाशी दिली. फाशी देणारे ख्रिस्ती आणि फासावर गेलेली बाईही ख्रिस्तीच! पुढे व्हर्जिनियात परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बाप्टिस्ट (जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे) उपदेशक तुरुंगात गेले. कनेक्टिकटमध्ये प्युरिटनांच्याच परंपरेतल्या काँग्रिगेशनल चर्चला राज्याचा आश्रय होता. तिथल्या डॅनबरी भागातल्या बाप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्याकडे पत्राने गाऱ्हाणे मांडले, की आमचे धर्मस्वातंत्र्य हा आमचा हक्क आहे, सरकारची मेहेरबानी नव्हे. धर्मसंस्था आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचे जेफर्सन यांचे प्रसिद्ध शब्द या पत्राला त्यांनी १ जानेवारी १८०२ ला दिलेल्या उत्तरातले आहेत. (आमच्या नगरला शाळा काढणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक बहुतेक याच काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांचे ऋण आम्ही मानतो, पण म्हणून बाप्टिस्टांवर झालेला अन्याय झाकायचे कारण नाही.)

‘ख्रिस्ती राष्ट्रा’च्या ज्या खुणा पुरावा म्हणून दाखवतात, त्या बऱ्याच नंतरच्या आहेत. ध्वजप्रतिज्ञेत ईश्वराचे नाव आले १९५४ मध्ये, कम्युनिस्ट रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात असताना. ‘ईश्वरावर आमचा भरवसा’ हे राष्ट्रीय बोधवाक्य झाले १९५६ मध्ये. मूळ प्रतिज्ञा १८९२ मध्ये लिहिणारे फ्रान्सिस बेलामी बाप्टिस्ट पाळक होते. त्यांनी तिच्यात देवाचे नाव घातले नव्हते.

मला सर्वांत जास्त टोचते ते त्यापुढचे. सरकारी शाळांतला वंशभेद न्यायालयाने १९५४ मध्ये बेकायदा ठरवल्यावर दक्षिणेत फक्त गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाल्या, त्यांतल्या कित्येक चर्चच्या नावाने. वर्णभेद पाळणाऱ्या अशा संस्थांची करसवलत सरकारने काढून घेतली. त्यात बॉब जोन्स विद्यापीठही होते आणि १९८३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात हरले. या करसवलतीच्या भांडणानेच आपले लोक राजकारणात उतरले, असे धार्मिक उजव्यांचे (ख्रिस्ती धर्माच्या नावाने राजकारण करणाऱ्या उजव्या गटांचे) एक मोठे संघटक पॉल वायरिक यांनी स्वतः सांगितले आहे. गर्भपाताला विरोध हा त्यांचा मुद्दा पुढे बराच मोठा झाला, हे खरे. पण ज्या प्रभूने आपल्या दाखल्यात, यहूदी ज्याला परका मानत त्या शोमरोनी माणसाला शेजारी म्हणून पुढे उभे केले, त्याच्या नावाने काळ्या मुलांना दार बंद करायचे, हे मी समजून घेऊ शकत नाही.

६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चाल करून गेलेल्या जमावात क्रूस होते, येशूच्या नावाचे फलक होते. सेनेटच्या सभागृहात घुसलेल्यांनी तिथे प्रार्थनाही केली. २०२४ मध्ये लुइझियानाने सरकारी शाळांच्या प्रत्येक वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञा लावण्याचा कायदा केला. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या पालकांमध्ये प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे एक पाळकही आहेत. या बातम्या देताना अशा ख्रिस्ती विरोधकांचेही म्हणणे आपल्या वृत्तपत्राने छापावे, अशी विनंती आहे.

– एक वाचक, अहिल्यानगर