मा. आरोग्यमंत्री, दोनची गोळी दोनलाच लागते

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कंपवाताच्या रुग्णांना सरकारी रुग्णालयात गोळ्या व शुश्रूषा मिळणेबाबत.

मा. महोदय,
सा. न. वि. वि.

मी तालुक्याच्या गावी राहणारी निवृत्त अंगणवाडी सेविका आहे. माझे यजमान एसटीत चालक होते. त्यांना बऱ्याच वर्षांपासून कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन्स. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव ठेवून थोडक्यात लिहिते.

गेल्या आठवड्यात आम्ही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो आणि पुन्हा हात हलवत परत आलो. (यजमानांचा तसाही हलतोच.) लेव्होडोपा-कार्बिडोपाची, म्हणजे या आजाराच्या मुख्य औषधाची गोळी औषधखिडकीवर नाही. उन्हाळ्यातही नव्हती. तेव्हा तिथल्या एका अधिकाऱ्यांनी मला खुर्ची देऊन सांगितलं होतं, “आजी, मागणी गेलीय, महिन्याभरात माल येतो. आता बाहेरून घ्यायची वेळ यायची नाही.” चहासुद्धा पाजला, म्हणून मी विश्वास ठेवला. आता दिवाळी होऊन गेली. खिडकीतल्या पोराने चिठ्ठीवर लाल पेनाने ‘एन.ए.’ लिहिलं आणि दुसरीच पट्टी पुढे सरकवली. “ही न्या, हीपण कंपवाताचीच आहे.” ट्रायहेक्सिफेनिडिल! मानसोपचार विभागाला लागते म्हणून ती शिल्लक असते. थरथर कमी करते हे खरं, पण शहात्तर वर्षांच्या माणसाला दिली की लघवी अडते, भ्रम होतो. मागे ती सुरू होती तेव्हा हे मध्यरात्री उठून बसायचे आणि मला विचारायचे, “कंडक्टर, बेल का मारली नाही?”

१५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत सगळे उपचार मोफत झाले, केस पेपरलाही पैसे पडत नाहीत. खरं आहे, केस पेपर फुकट मिळतो. त्यावर डॉक्टर जे लिहितात ते समोरच्या मेडिकलमध्ये विकत मिळतं.

हे औषध काही नवं नाही. १९७० च्या आसपासपासून जगभर दिलं जातं. देशाच्या अत्यावश्यक औषधांची २०२२ ची यादी ३८४ औषधांची आहे, त्यात ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही आहे. म्हणजे दिल्लीला ते अत्यावश्यक वाटतं, जिनिव्हाला वाटतं, आमच्या जिल्ह्याच्या भांडारालाच तेवढं वाटत नाही. विचारलं की खरेदीची गोष्ट सांगतात. पूर्वी म्हणे खरेदी हाफकिन या सरकारी कंपनीकडे होती म्हणून उशीर व्हायचा. मग २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण काढलं. आता प्राधिकरण आहे म्हणून उशीर होतो.

आपल्याला हा आजार कुणी जवळून दाखवला आहे का, माहीत नाही. आमच्याकडे तो आधी झोपेत आला. हे रात्री झोपेत पाय झाडायचे, उजवा पाय जोरात दाबायचे, शिव्या द्यायचे. मी म्हणायची, नोकरी डोक्यात गेलीय, झोपेतही ब्रेक मारतात. पुढे फोडणी करपली तरी वास येईना. त्यानंतर कितीतरी वर्षांनी हात थरथरायला लागला. ही सगळी त्याच आजाराची आधीची लक्षणं असू शकतात, हे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. तोवर गावातल्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, कुणी मानेचा पट्टा दिला, आणि एका वैद्यांनी कुयलीच्या बियांची पूड दिली. गंमत म्हणजे त्या पुडीत निदान लेव्होडोपा तरी असतो. तुमच्या खिडकीत तोही नाही.

आता घरात सगळं घड्याळावर चालतं. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. गोळीचा अंमल पहिल्या वर्षांत दिवसभर जाणवायचा, आता जेमतेम तीन तास. अंमल असला की हे स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावतात, उतरला की पाय फरशीला चिकटतात. मग उंबऱ्यावर मी रंगीत पट्टी चिकटवली आहे, त्या पट्टीवरून पाय टाका म्हटलं की एकदम टाकतात. मेंदूचं हे काय गौडबंगाल आहे कोण जाणे, पण चालतं. गोळी डाळ-दुधाबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाच्या आधी. एका गोळीचे ब्लेडने चार तुकडे करायचे, चुरा कागदावर पडतो तोही जिभेवर ठेवायचा. हे सगळं मी शिकले पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या लोकांकडून आणि मोबाईलवर वाचून. आपल्या खात्याचा यात वाटा शून्य.

आणि मग पावसाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. या आजारात गिळणं बिघडतं, पाणी श्वासनलिकेत जातं, आणि छाती भरते. कंपवाताची बरीच माणसं शेवटी यानेच जातात. सरकारी रुग्णालयात दाखल केलं. मी वॉर्डात पहिल्याच दिवशी कागदावर मोठ्या अक्षरात गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्या. तो कागद फाईलला टाचला गेला, आणि गोळ्या वॉर्डाच्या वेळेला मिळू लागल्या. सकाळची गोळी आठला, तीही दूध आणि उकडलेल्या अंड्यासोबत. दोनची गोळी राउंड लांबला म्हणून साडेचारला. माझ्या पिशवीत गोळ्या होत्या, पण “पेशंटला घरची औषधं द्यायची नाहीत” असा नियम. साडेचारपर्यंत माणूस ओंडका झाला होता. कूस बदलता येईना, थुंकी गिळता येईना, डोळे मात्र टक्क उघडे, सगळं कळतंय. शेजारच्या खाटेवरचा पोरगा मला म्हणाला, “मावशी, काका ऐकून घेत नाहीत का?”

दुसऱ्या रात्री उलट्या झाल्या. शिकाऊ डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं. सकाळी मी केस पेपर वाचला, मेटोक्लोप्रमाइड. हे औषध डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचंच काम अडवतं, आणि कंपवातात डोपामिनचाच तुटवडा असतो. ते या रुग्णांना देऊ नये, डॉमपेरिडोन चालतं, हे मला माहीत आहे आणि मी दहावी पास आहे. त्या मुलाला दोष देत नाही. तो दिवस-रात्र उभा होता. पण केस पेपरवर एक लाल शिक्का मारायला किती खर्च येतो? मधुमेह असला की मारता ना?

सिस्टरांबद्दलही एक अक्षर वाईट लिहिणार नाही. रात्री अख्ख्या वॉर्डाला एक सिस्टर. खाटा चाळीस आणि जमिनीवर गाद्या वेगळ्या. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष म्हणे साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तिघांमागे एक असा आहे. त्या बाईने यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं कधी? बसवून, हनुवटी खाली करून, चमच्याने दाट पेज भरवायची कधी? ते मी केलं. मला संध्याकाळी सहानंतर वॉर्डाबाहेर काढलं, तेव्हा ते झालं नाही. घरी आणलं तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम होती. आता ती वाटीएवढी आहे. आत पांढरं दिसतं. रोज मिठाच्या पाण्याने, म्हणजे सलाईनने धुते, जाळीचं ड्रेसिंग ठेवते, आणि हे ओठ मिटून पडून राहतात. ओरडतसुद्धा नाहीत, कारण आवाजही या आजाराने खाल्ला आहे.

ड्रेसिंगला घरी नर्स मिळेल का म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. तिथे म्हणाले, तशी सोय नाही. आशाताईंना विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, काकू, आमचं सर्वेक्षण संपलं की येते. कुठलं सर्वेक्षण? तर कुठलं तरी असतंच. मीही आयुष्यभर रजिस्टरंच भरली, मला ठाऊक आहे. शहरातल्या ब्युरोकडून चोवीस तासांची बाई ठेवायची तर महिन्याला पंचवीस-तीस हजार, वर तिचं जेवण. यांची ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीची पेन्शन तीन हजारांच्या आत. माझी पेन्शन नाही. अंगणवाडी सेविका ही मानसेवी असते, तिला मान मिळतो.

केरळने २००८ मध्ये घरोघर जाऊन शुश्रूषा करायचं धोरण केलं. तिथे पंचायतीच्या नर्स घरी येतात, जखम धुतात, नळी बदलतात. आपल्याकडेही २०१२ मध्ये परिहार सेवेचं, म्हणजे अशाच दुखणं हलकं करणाऱ्या शुश्रूषेचं धोरण आलं. ते कुठे आलं आणि कुठे थांबलं, एवढं कळवलंत तरी उपकार होतील. आमच्या तालुक्यापर्यंत गाडी पोचलेली नाही. कर्नाटकने बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेला सोबत घेऊन मेंदूच्या आजारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत काम सुरू केलं. आमच्या जिल्हा रुग्णालयात न्यूरॉलॉजिस्ट महिन्यातून एकदा येतात असा बोर्ड आहे. बोर्ड रोज असतो.

मग अपंगत्वाचा दाखला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट आहे. चाळीस टक्के भरले तर सवलती. दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी सकाळी उठवून, दहाची गोळी देऊन यांना नेलं, कारण गोळीशिवाय नेताच आलं नसतं. अकराला नंबर आला. गोळी ऐन भरात. डॉक्टर म्हणाले, “चालतायत की!” तीस टक्के. दीड तासाने हेच चालणारे गृहस्थ बाहेरच्या बाकावरून उठू शकत नव्हते. मी आत जाऊन सांगितलं, आता बघा. तर म्हणाले, आजची नोंदणी बंद झाली.

आणि योजना तर किती! वय पंचाहत्तर झालं म्हणून यांना एसटी फुकट, मी बाई म्हणून मला अर्धं तिकीट. फक्त एसटीची पायरी यांना चढता येत नाही, जिच्या चाकामागे जन्म गेला. महात्मा फुले योजनेत पाच लाख, सत्तरच्या पुढे आयुष्मानचे पाच लाख. पण खाटेवर दाखल व्हाल तरच! रोजच्या गोळीला त्यातला एक रुपया नाही, घरच्या नर्सला नाही, हवेच्या गादीला नाही. गादीसाठी म्हाताऱ्यांच्या वयोश्री योजनेचे तीन हजार आले, एकदाच. त्यात गादी आली, पंप महिन्यात जळला. लाडकी बहीण मी होऊ शकत नाही, कारण माझं वय पासष्टच्या पुढे गेलं. म्हाताऱ्या बहिणीचा लाड करायची पद्धत नसावी.

राज्यात असे किती असतील, साहेब? कुणी मोजलंय का? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, २०१९ मध्ये जगात ८५ लाखांहून जास्त रुग्ण होते आणि २००० पासून या आजाराचे मृत्यू दुपटीहून वाढले. माझं गणित अंगणवाडीतलं आहे, पण लोकसंख्येच्या मानाने महाराष्ट्राच्या वाट्याला लाखावर तरी येतीलच. मुंबईच्या पारशी वसाहतींत १९८० च्या दशकात डॉक्टरांनी घरोघर जाऊन मोजणी केली होती, म्हणजे ठरवलं तर मोजता येतं. रक्तदाब-मधुमेहाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आमचा आजार बसत नाही. साथ नाही, पोलिओसारखं पोस्टर नाही, आणि घरात पडलेला माणूस मतदानालाही उचलूनच न्यावा लागतो. मग कोण विचारतो.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं, २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाचे अडीच टक्के आरोग्यावर खर्च करू, राज्यांनी अर्थसंकल्पाचे आठ टक्के ठेवावेत. २०२५ आलं नि गेलं. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २०२३ मध्ये चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यात बारा नवजात बाळं, आणि एका खासदारांनी काय केलं, तर अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन संडास धुवायला लावलं. तुमच्या राज्यकारभाराला इलाज म्हणून एवढंच सुचतं. इमारत नवी बांधता, फीत कापता, कोनशिलेवर नावं कोरता; आत सिस्टर नाही, गोळी नाही. आणि तुमच्यातल्या कुणाला छातीत जरा कळ आली की गाडी मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयाकडेच वळते. माझ्या यजमानांनी सरकारची गाडी चालवली, साहेब. वेळेवर सोडायची आणि वेळेवर पोचवायची. उशीर झाला तर त्यांना मेमो मिळायचा. औषधाला सहा-सहा महिने उशीर करणाऱ्याला कोण मेमो देतं?

मागणं फार नाही. ही गोळी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात बाराही महिने ठेवा. दाखल झालेल्या कंपवाताच्या रुग्णाच्या खाटेवर त्याच्या गोळीच्या वेळा लावा, आणि सिस्टरांना जमणार नसेल तर घरच्या माणसाला गोळी देण्याची लेखी मुभा द्या. कुठली इंजेक्शनं चालत नाहीत ते केस पेपरवर छापा. आठवड्यातून एकदा तरी नर्स घरी पाठवा. दाखल्याच्या बोर्डाला सांगा, रुग्ण गोळी उतरल्यावरही बघा. आणि जोवर हे होत नाही, तोवर माझ्यासारखीच्या वॉर्डाबाहेर संध्याकाळी सहाला शिट्टी वाजवू नका.

या पत्राच्या प्रती जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि आमच्या आमदारांना दिल्या आहेत. आमदारांच्या कार्यालयाला याच विषयावर पूर्वीही पत्र दिलं होतं. त्याचं उत्तर आलं. वाढदिवसाच्या शुभेच्छांबद्दल साहेबांनी मनःपूर्वक आभार मानले आहेत.

कळावे,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका