गिअरबॉक्सची पिशवी पाठवतेय

तीर्थरूप आई-बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा आता बऱ्यापैकी वाकतोय असं दादाने कळवलं. आई, जिन्याची घाई करू नकोस. इकडे घर ठीक आहे, पाणी अजून चार-पाच दिवसांआडच येतं, तुळस जिवंत आहे.

आता मुद्द्याचं. शेजारच्या काकूंनी तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे की तुमची लेक पहाटे गच्चीवर पोरांसारखी रिमोटची गाडी फिरवते. त्यावर आईने दादाला विचारलं म्हणे, ‘तिची तब्येत बरी आहे ना?’ बरी आहे. आणि काकूंना अर्धंच माहीत आहे, रविवारी मी ती होम मैदानावरही नेते.

मामाने मस्कतहून आणलेली रिमोटची गाडी, ग्रासहॉपर, आठवते? बॅटरी गेली, सोलापुरात दुसरी मिळेना, आणि पुढे माझी दहावी आली. तामिया या जपानी कंपनीने ते मॉडेल १९८४ साली काढलं होतं, मध्ये बंद केलं आणि २००५ मध्ये परत बाजारात आणलं. तेच किट मी मागवलं. किंमत मुद्दाम लिहीत नाही, आईने तीनदा विचारलं तरी सांगणार नाही.

बदललंय ते सगळं आतल्या विजेच्या सामानात. तेव्हा बॅटरी रात्रभर चार्ज करायची आणि दहा-बारा मिनिटांत गाडी मलूल. वेग बदलायला तो सरकता हात होता, त्याच्याजवळचा रेझिस्टर इतका तापायचा की आई ओरडायची. आता त्या जागी काडेपेटीएवढा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर बसतो. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा, त्यामुळे २७ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलच्या जोड्या सांभाळायची कटकट संपली. बॅटरी लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, ७.४ व्होल्टची. ती तापू देऊन चालत नाही, म्हणून उन्हाळ्यात वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवायची नाही आणि चार्ज करताना लोखंडी तव्यावर ठेवून समोर बसून राहायचं. आई, तुझा भाकरीचा तवा नाही, वेगळा आणलाय.

पण गाडी पळवणं हा त्यातला छोटा भाग. मला बसायला आवडतं ते जोडायला. बँकेतलं माझं काम कधी संपल्यासारखं वाटत नाही. आजची फाइल उद्या परत टेबलावर. इथे एका संध्याकाळी पुढची चाकं बसतात, हाताने फिरवली की फिरतात, झालं. पुस्तिकेत शब्द थोडे, चित्रंच जास्त, आणि स्क्रू खऱ्या मापात छापलेले. हातातला स्क्रू कागदावर ठेवायचा, जुळला तर तोच. पूर्वीचे प्लास्टिकचे बुश काढून मी बॉल बेअरिंग घातली. चाकाला टिचकी मारली की ते फिरतच राहतं. नुसतं बघत बसते.

आणि बाबा, तो स्क्रू. प्लास्टिकमध्ये पहिल्यांदा जाताना तो स्वतःच आटे पाडत जातो. काढून पुन्हा लावताना सरळ आवळला तर तिरके नवे आटे पडतात आणि भोक कामातून जातं. म्हणून आधी हलक्या हाताने उलटा फिरवायचा. एका जागी बारीकसा ‘टक’ होतो, स्क्रू जुन्या आट्यात उतरतो, मग आवळायचा. हे त्या पुस्तिकेत नाही. हे तुम्ही अशोक चौकातल्या शेडमध्ये लूमचा बोल्ट हातात देऊन शिकवलेलं. चार माग एकदम खडखडत असताना कोणत्या मागाचा आवाज बिघडलाय ते तुम्हाला दारातून कळायचं. मला अजून गाडी उचलून कानाशी धरावी लागते.

मैदानावर मुलं जमतात. ‘मावशी, पेट्रोलवर पळतंय का ओ हे?’ लगेच दुसरा, ‘गप की बे, बॅटरीवर हाय.’ गाडीला मागे सलग एक्सल असल्याने ती खड्ड्यात सरळ उडी मारते, मग टाळ्या. फिरायला येणारे काका लोक मात्र फक्त किंमत विचारतात. (त्यांनाही सांगत नाही.)

बाबा, तुम्हाला रस वाटेल म्हणून एक. ही तामिया जपानच्या शिझुओकाची, १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून सुरू झालेली. आधी लाकडी मॉडेल बनवायचे, तो जमाना संपताना प्लास्टिककडे वळले, आणि रिमोटची पहिली गाडी, पोर्शे ९३४, आणली १९७६ मध्ये. आपल्याकडच्या गिरण्यांना असं वळता आलं नाही. यंत्रमागवाल्यांना आलं, चादरीवरून टॉवेलवर.

तर आता दुसरं किट आलंय. हॉर्नेट, हीसुद्धा १९८४ ची, ग्रासहॉपरचीच बहीण, फक्त मोटर ३८० च्या जागी ५४०, म्हणजे जास्त ताकदीची. हिची बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि रंग आतून मारायचा असतो. म्हणजे बाहेरून सगळ्यात वर दिसायला हवी ती रेघ आधी, मुख्य रंग नंतर. सगळं उलट डोक्याने. आपल्या उन्हात दुपारी स्प्रे मारला तर रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो, म्हणून ते काम माझं, पहाटेचं.

गिअरबॉक्स मात्र तुमचा. दादाकडे तुम्हाला दिवस जात नाही हे तुम्ही सांगत नसलात तरी आई सांगते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी बारीक काम करायला हरकत नाही म्हटलंय. म्हणून गिअरबॉक्सचे सुटे भाग, ग्रीसची ट्यूब आणि पुस्तिकेच्या त्या पानांची मोठी झेरॉक्स कुरियरने पाठवतेय. सोबत जेआयएस, म्हणजे जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर आहे, तोच वापरा. दादाकडचा फिलिप्स जपानी स्क्रूची खाच खातो. डिफरन्शियलचे तीन छोटे बेव्हल गिअर कागदाच्या पुडीत वेगळे ठेवलेत. रिक्षाचं उघडून दाखवलं होतं ना तुम्ही, वळताना बाहेरचं चाक जास्त का फिरतं ते? तेच, पण चिमटीत मावणारं. ग्रीस दातांना लावा, फार थापू नका. सगळं ताटात काढून घ्या, ताट आई देईल, आणि चिनूला जोडायला बसवा पण त्याच्या हातात ई-क्लिप (इंग्रजी E च्या आकाराची चिमुकली क्लिप) देऊ नका. ती उडाली की सोफ्याखालीसुद्धा सापडत नाही.

जोडून झालं की मोटरशिवाय हाताने फिरवून बघा आणि आवाज कसा येतो ते मला फोनवर ऐकवा. घाई नाही. आईला तपासणीची पुढची तारीख मिळाली की मी येईनच, तेव्हा घेऊन जाईन.

त्याच खोक्यात शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आहेत. ग्रीसपासून लांब, वेगळ्या डब्यात.

तुमची,
ताई