ताई, तुम्ही मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं नाही

ताई,

नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच तसं बजावलंय. पण दांडेकर पुलाजवळच्या आमच्या वस्तीतल्या बायका तुम्हाला बरोबर ओळखतील.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन दारं फिरले होते. चौकीत म्हणाले, नवरा प्यायलाय, उद्या उतरेल, घरी जा. दवाखान्यात झोपेच्या गोळ्या दिल्या, दंडावरचे वळ कुणी विचारले नाहीत. व्यसनाचं विचारलं तर म्हणे, पेशंटला घेऊन या. दर ठिकाणी तेच रडगाणं, आणि प्रत्येकाला त्यातला आपल्यापुरता तुकडा हवा.

तुम्ही एकदाच ऐकलंत. दुपार सरली तरी उठला नाहीत. पुढे सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांनी घरातल्या छळाची नोंद, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, भरला तेव्हा, वकिलांकडे, डॉक्टरांकडे, तुम्ही शेजारी बसायचात. मी अडखळले की विचारायचात, "हे मी सांगू का?" मी मान हलवली तरच बोलायचात.

मी म्हटलं होतं, ताई, फक्त यांची दारू सोडवा, माणूस वाईट नाही. तुम्ही म्हणालात, "दारूचा इलाज करूच. पण पिऊन ते कधी मालकावर हात उचलतात का?" त्या रात्री मला झोप लागली नाही. नाही, कधीच नाही. फक्त माझ्यावर.

म्हणून आधी कोर्टाचा संरक्षण आदेश, मग यांच्यासाठी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. घर सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे मला कधीही बाहेर काढतील या भीतीत मी नऊ वर्षं काढली. नाव नसलं तरी राहत्या घरात राहायचा हक्क 2005च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने दिलाय, हे मला तुमच्याकडून कळलं. दीर माझ्या नवऱ्याला खोलीत कोंडून एका दिवसात दारू बंद करणार होते, तेव्हा तुम्हीच अडवलंत. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. यांचा माझ्यावरचा संशय, रोज माझा मोबाईल तपासणं, हे दारूतून जडलेलं आजारपणही असू शकतं आणि त्याचे उपचार वेगळे करावे लागतात, हे मानसोपचार तज्ज्ञांनी समजावलं. पण आजार आहे म्हणून मार सोसायचा नाही, हे तुम्ही त्यांच्यासमोरच बोललात.

आणि माझं? नारायण पेठेत पोळ्या लाटताना मी मध्येच थांबायचे, हात उचलायचेच नाहीत. मला वाटायचं, मी आळशी झालेय. ते डिप्रेशन होतं. लेकीचं शाळेत बोलणं थांबलं होतं, तर तिच्या बाईंनाही तुम्हीच भेटलात. तिने 181, महिलांच्या मदतीचा नंबर, पाठ केलाय. रात्री मन फार बुडालं तर माझ्यासाठी 14416, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन.

मुक्तांगणातून आल्यावर ते दोनदा घसरले, पुन्हा उपचाराला गेले. सध्या दिरांकडे राहतात, भेटायला दिवसाउजेडी येतात. तुम्ही भरायला लावलेली पिशवी, आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, पाचशे रुपये, अजून शेजारच्या मावशींकडेच आहे. परवा तिच्यात लेकीचं नवं प्रगतीपुस्तक टाकलं.

ते तिला आधी तुम्हाला दाखवायचंय. गुरुवारी असाल ना?

तुमची,
पोळ्यावाली